जुन्या वसाहतीत रहिवासी संघ: बेळगावच्या शिवारातील एका लेआऊटचा प्रकरण अभ्यास

बेळगाव शहराच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव आणि अनगोळ या जुन्या वस्त्यांचे शिवार आहे. काळ्या मातीच्या या पट्ट्यात बासमती भात पिकत असे आणि काही भागात आजही पिकतो. उरलेल्या भागात गेल्या काही दशकांत शेतांचे प्लॉट पडले आणि प्लॉटांवर घरे उभी राहिली. प्लॉट घेणारा माणूस आर. एस. नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे क्रमांक पाहतो, एनए (बिगरशेती) झाले आहे का ते विचारतो, समोरच्या रस्त्याची रुंदी मोजून घेतो. पण त्या रस्त्याची, गटाराची आणि नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेल्या मोकळ्या जागेची काळजी पुढे कोण वाहणार, हे त्या वेळी कोणी विचारत नाही. जुन्या गल्लीत हा प्रश्न पडतही नाही, कारण तेथे देवस्थानाची पंच कमिटी असते, युवक मंडळ असते, कोणाच्या शब्दाला मान आहे हे लहान मुलांनाही ठाऊक असते. प्लॉट पाडून वसलेल्या लेआऊटमध्ये मात्र वीस-तीस वर्षे शेजारी राहूनही सगळ्यांनी एकत्र बसण्याचे कारण घडलेले नसते.

अशा वसाहतीत रहिवासी संघ स्थापन करताना नेमके काय घडते, कोठे अडते आणि कशामुळे पुढे सरकते, याचा हा अभ्यास आहे. येथे मांडलेली वसाहत नकाशावर शोधून सापडणार नाही. या भागातील अनेक लेआऊटमध्ये सारखीच आढळणारी परिस्थिती एकत्र करून हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. कायदे, न्यायालयीन निवाडे आणि सरकारी व्यवस्था मात्र प्रत्यक्षात आहेत तशाच दिल्या आहेत.

वसाहत अशी. सहा आडव्या गल्ल्या, शे-सव्वाशे बैठी आणि दुमजली घरे, काही रिकामे प्लॉट, एका कोपऱ्यात वीस गुंठ्यांच्या आसपासची मोकळी जागा आणि खालच्या अंगाला नाला. रहिवाशांत उद्यमबागच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेले कामगार आहेत, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले जवान व सुभेदार आहेत, शिक्षक आहेत, गोव्यात व्यवसाय करून घर येथे ठेवणारी कुटुंबे आहेत आणि शिक्षणासाठी किंवा कामासाठी आलेले भाडेकरूही बरेच आहेत. अर्ध्याहून अधिक घरांत मराठी बोलली जाते, पुष्कळ घरांत कन्नड, काही घरांत कोकणी आणि उर्दू. लेआऊट पाडणारा मूळ मालक हयात नाही. मोकळ्या जागेत झुडपे वाढलेली, एका बाजूला कचऱ्याचा ढीग आणि पावसाळ्यात नाल्याचे पाणी खालच्या दोन गल्ल्यांत, अशी अनेक वर्षांची स्थिती होती. २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत बळ्ळारी नाल्याच्या काठची शेते आणि सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा या वसाहतीतही प्रत्येकाने आपापल्या दारापुढे मातीची पोती रचली. वरच्या गल्लीतील पाण्याला वाट कोठून द्यायची, हे ठरवायला मात्र कोणी नव्हते.

संघाची कल्पना पाण्यातून नव्हे, मोकळ्या जागेतून पुढे आली. एके दिवशी त्या जागेच्या कोपऱ्यात सिमेंटचे खांब रोवलेले दिसले. मूळ मालकाच्या वारसांपैकी कोणी ती जागा विकायला काढली आहे, अशी बातमी पसरली. त्याच आठवड्यात गणेश मंडळातील मुलांनी तेथे कायमचा मंडप आणि छोटे मंदिर बांधावे असे सुचवले, तर ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटाने सभागृहाची मागणी पुढे केली. तीन दिशांनी तीन हक्क सांगितले जात होते, आणि ती जागा कागदोपत्री कोणाची आहे हे मात्र एकालाही माहीत नव्हते. हे अज्ञान या वसाहतीपुरते नाही. आपल्या घराचा उतारा लोखंडी कपाटात जपणारी माणसे आपल्या लेआऊटचा मंजूर नकाशा आयुष्यात एकदाही पाहत नाहीत, हे मला या सगळ्या विषयातील सर्वात चिंतेचे वाटते.

पहिली बैठक आणि दोन उसने मसुदे

पहिल्या बैठकीला निवृत्त मुख्याध्यापिका अध्यक्षस्थानी होत्या. वसाहतीत सगळे त्यांना बाईच म्हणतात. बैठकीपुढे दोन मसुदे आले. पहिला मसुदा पुण्यात राहणाऱ्या एका नातेवाइकाकडून आलेला होता, आणि तो महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा होता. दुसरा मसुदा अमेरिकेत नोकरी करणाऱ्या एका रहिवाशाच्या मुलाने तेथील घरमालक संघाच्या नियमांवरून तयार केला होता. त्यात घरांचे रंग, कुंपणाची उंची, रस्त्यावर लावलेल्या वाहनांना दंड आणि वर्गणी थकवणाऱ्याच्या मालमत्तेवर बोजा चढवण्यापर्यंत सर्व काही होते.

सीमाभागातील मराठी माणसाची एक स्वाभाविक सवय पहिल्या मसुद्यात दिसते. मराठीतला नमुना हवा असला की आपण कोल्हापूर-पुण्याकडे पाहतो. भाषेपुरते ते योग्यच आहे. कायद्यापुरते ते घातक ठरते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे आणि कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियमही १९६० चाच आहे, त्यामुळे वर्ष पाहून गोंधळ वाढतो. पण ते दोन वेगळ्या राज्यांचे, वेगळ्या प्रकारच्या संस्थांसाठी केलेले कायदे आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत इमारत किंवा जमीन सामान्यतः संस्थेच्या मालकीची असते आणि सभासदाला भाग व त्यासोबत वापराचा हक्क मिळतो. आपल्या वसाहतीत प्रत्येक घर ज्याचे त्याचे आहे, रस्ते सार्वजनिक आहेत, जिना, गच्ची किंवा लिफ्ट अशी सामाईक मालकीची वस्तू एकही नाही. त्यामुळे पुण्याच्या उपविधींतील देखभाल शुल्क, हस्तांतरण शुल्क, ना-हरकत दाखला ही सगळी कलमे येथे निराधार ठरली.

दुसऱ्या मसुद्याविषयी बाईंनी शांतपणे विचारलेला प्रश्न महत्त्वाचा होता: हे नियम मोडणाऱ्याला आपण कोणत्या अधिकाराने दंड करणार? अमेरिकेतील घरमालक संघाला जी सक्ती करता येते तिचे मूळ खरेदीपत्राला जोडलेल्या करारात असते. जमिनीचे तुकडे पाडतानाच विकासक त्या अटी नोंदवतो, आणि घर घेणारा त्या अटींसह घर घेतो. तेथेही आधीपासून वसलेल्या मोहल्ल्यात नवा संघ काढला, तर ज्या मालकाने स्वतः सही करून अटी स्वीकारल्या नाहीत त्याच्यावर त्या सामान्यतः लादता येत नाहीत. म्हणजे ज्या देशाचा नमुना आणला होता, त्या देशातही जुन्या वसाहतीतील संघ स्वेच्छेवरच चालतो. आपल्याकडे तर संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने संघटना करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ज्याला सभासद व्हायचे नाही त्याला ओढून आणण्याची कोणतीही वाट या संघापाशी नाही.

या टप्प्यावर काही जणांचा उत्साह मावळला. सक्ती नसेल तर संघाचा उपयोग काय, असे ते विचारू लागले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली याच प्रश्नात आहे. सक्तीचा अधिकार नसलेल्या संघाने सक्तीची भाषा करू नये आणि जे काम सक्तीशिवाय होऊ शकते तेवढेच हाती घ्यावे. हे ज्या वसाहतींना वेळेवर उमगत नाही, तेथील संघ पहिल्या वर्षीच थकबाकीदारांच्या याद्या फलकावर लावू लागतो आणि दुसऱ्या वर्षी बंद पडतो.

घटनेतून गाळलेली कलमे

नोंदणीचा मार्ग तुलनेने सोपा होता. स्वतंत्र घरांच्या वसाहतीला १९७२ चा कर्नाटक अपार्टमेंट मालकी अधिनियम लागू होत नाही, सहकारी संस्था करण्याजोगी सामाईक मालमत्ता नाही. तेव्हा १९६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली जाणे हाच सरळ पर्याय होता. त्यासाठी किमान सात व्यक्ती, उद्देशपत्र आणि नियमावली लागते. त्या अधिनियमाने मान्य केलेल्या उद्देशांत जमीन, पाणी, वीज अशा संसाधनांचे जतन व योग्य वापर हाही एक उद्देश आहे, आणि वसाहतीच्या कामाला तो नेमका लागू पडतो.

खरा वेळ गेला तो उद्देशपत्रात काय लिहायचे यापेक्षा काय लिहायचे नाही हे ठरवण्यात. संघाच्या स्वतःच्या पहिल्या मसुद्यात अविवाहितांना घर भाड्याने देऊ नये असे एक कलम होते. दुसऱ्या एका सूचनेत मांसाहार करणाऱ्या भाडेकरूंविषयी आक्षेप होता, आणि तिसरी सूचना कोणत्या समाजाला प्लॉट विकावा याविषयी होती. मसुदा समितीतील एका तरुण वकील मुलीने ही तिन्ही कलमे वाचून दाखवली आणि ती असलेल्या कागदावर आपण सही करणार नाही असे स्पष्ट सांगितले. तिच्या या भूमिकेमुळे बैठक ताणली गेली, दोन ज्येष्ठ उठून गेले, पण कलमे गेली. येथे माझे मत मी झाकून ठेवत नाही. शेजाऱ्याला निवडण्यासाठी काढलेला संघ हा रहिवाशांचा संघच नव्हे. ज्या शहरात आपण स्वतः भाषेच्या नावाने दूर ठेवले जाण्याचे दुःख अनुभवतो, त्या शहरात आपल्या गल्लीच्या तोंडाशी तसलाच अडथळा उभारणे मला असह्य वाटते.

गल्लीच्या दोन्ही टोकांना लोखंडी गेट बसवून रात्री कुलूप लावण्याची सूचनाही अशीच गाळली गेली, मात्र तिचे कारण निखळ कायद्याचे होते. महापालिकेचा रस्ता सार्वजनिक असतो. त्यावर कोणत्याही खासगी संस्थेला गेट लावता येत नाही. रखवालदार ठेवायला हरकत नव्हती, परंतु त्याचा पगार सर्वांनी मिळून द्यायचा झाला तर न देणाऱ्याच्या घरापुढेही तो गस्त घालणारच, आणि मग देणारेही कुरकुर करणार, हा हिशेब सुभेदार काकांनी अगदी साध्या शब्दांत मांडला. त्यामुळे रखवालदाराचा विषय पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवण्याचा ठराव झाला.

शेवटी उद्देशपत्रात चार गोष्टी उरल्या: मोकळ्या जागेचे रक्षण, नाला व गटारांचा पाठपुरावा, कचरा व पथदिवे यांच्या तक्रारी एकत्रितपणे मांडणे आणि वसाहतीची कागदपत्रे जमवून जतन करणे. चौथा उद्देश बाईंनी आग्रहाने घातला होता आणि पुढे तोच सर्वात उपयोगी पडला.

सभासद कोणाला म्हणायचे, यावर एका घराला एक मत हे तत्त्व स्वीकारले गेले. घरमालक दूर राहत असेल तर त्याच्या लेखी पत्राने तेथे राहणाऱ्या भाडेकरूची नोंद त्या घराचा सभासद म्हणून करता येईल, अशी तरतूद झाली. घराची नोंद दोन प्रौढ व्यक्तींच्या नावे करावी आणि त्यांपैकी कोणीही सभेला येऊन मत द्यावे, हा नियम महिलांच्या बाजूने आला, आणि त्याचे कारण व्यवहारातले होते. चोवीस तास पाणी योजना अजून न पोहोचलेल्या भागात पाणी काही दिवसांआड आणि ठरावीक वेळी येते. पाणी सोडणारा कर्मचारी कोण, व्हॉल्व्ह कोठे आहे, कोणत्या गल्लीला दाब कमी मिळतो, हे घरातील बायकांना जितके ठाऊक असते तितके पुरुषांना नसते. पहिल्या दोन बैठका रात्री आठ वाजता, नेमक्या पाण्याच्या वेळी ठेवल्या होत्या आणि त्यांत बाई व वकील मुलगी सोडल्यास एकही महिला नव्हती. तिसरी बैठक रविवारी दुपारी चारला ठेवल्यावर निम्म्याहून अधिक खुर्च्यांवर महिला होत्या, आणि त्या बैठकीत पाण्याविषयी जी माहिती पुढे आली ती आधीच्या दोन बैठकांत कोणाला सुचलीही नव्हती.

जुन्या वर्गणीची सावली

पैशाचा विषय निघताच सभेतील आवाज बदलला. बऱ्याच वर्षांपूर्वी वसाहतीत बोअर मारण्यासाठी घरटी वर्गणी काढली होती. बोअरला पाणी लागले नाही, उरलेल्या रकमेचे काय झाले याचा हिशेब कधी मांडला गेला नाही, आणि ज्यांनी वर्गणी गोळा केली त्यांतील एक गृहस्थ आता हयात नाहीत. कोणी पैसे खाल्ले असे कोणी सिद्ध करू शकत नव्हते, आणि कोणी खाल्ले नाहीत हेही दाखवता येत नव्हते. जुन्या वसाहतीत संघ काढताना अशी एखादी वर्गणी जवळजवळ नेहमीच आडवी येते.

नव्या समितीने येथे एक शहाणपणाचे पाऊल उचलले. पहिल्या सभेनंतर तिने वर्गणी घेतलीच नाही. आधी नोंदणी, मग संस्थेच्या नावाचे पॅन, मग दोन सह्यांनी चालणारे बँक खाते, आणि त्यानंतरच पावती पुस्तक, असा क्रम सुभेदार काकांनी धरला. खजिनदार म्हणून त्यांची निवड बिनविरोध झाली होती. नोंदणीचा खर्च सात प्रवर्तकांनी स्वतः केला आणि तो त्यांच्या नावे संस्थेकडील येणे म्हणून पहिल्या पानावर लिहिला. वर्गणी मुद्दाम इतकी कमी ठेवली की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरालाही ती जड वाटू नये. रोख रक्कम घ्यायची असल्यास पावतीशिवाय घ्यायची नाही, आणि दर तीन महिन्यांनी जमा-खर्च फलकावर लावायचा, हे दोन नियम कटाक्षाने पाळले गेले.

काहींना हे अतिरेकी वाटले. परंतु १९६० च्या अधिनियमानुसार संस्थेने दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची, हिशेब तपासून घ्यायचे आणि कार्यकारिणीची यादी व ताळेबंद निबंधकाकडे सादर करायचा असतो. अनेक लहान संस्था नोंदणीच्या वेळी उत्साहाने कागद करतात आणि पुढची काही वर्षे एकही विवरण देत नाहीत. मग महापालिकेत किंवा न्यायालयात संस्थेच्या नावाने उभे राहण्याची वेळ आली की मागील थकलेली सगळी विवरणे दंडासह भरावी लागतात. कराच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सभासदांनी सभासदांसाठी जमवलेली वर्गणी परस्परतेच्या तत्त्वामुळे सामान्यतः करपात्र ठरत नाही. पण बँकेतील ठेवींवरच्या व्याजाला ते तत्त्व लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंगळुरूच्या बँगलोर क्लबच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

बोअरच्या जुन्या वर्गणीविषयी समितीने चौकशी मागितली नाही. उपलब्ध माहिती, ज्यांनी दिली त्यांची नावे आणि अंदाजे रक्कम एका कागदावर लिहून तो इतिवृत्तात जोडला, आणि विषय बंद केला. मृत व्यक्तीच्या कुटुंबाला सभेत मान खाली घालावी लागली नाही. हे योग्य झाले असे मला मनापासून वाटते.

भाषेचा प्रश्न

बेळगावात कोणतीही सामूहिक गोष्ट भाषेच्या प्रश्नाला वळसा घालून जात नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा सीमाप्रश्न, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, नगरपालिकेच्या राजकारणात झालेली त्याची पडझड आणि चढउतार, हे सर्व प्रत्येक रहिवासी आपल्यासोबत सभेत घेऊन येतो. संघाच्या नावात मराठी असावे अशी एक सूचना होती, तर कन्नड भाषक कुटुंबांना हा संघ आडमार्गाने काढलेली राजकीय शाखा वाटत होती. काही मराठी कार्यकर्त्यांना उलट भीती होती, की अर्ज कन्नडमध्ये दिला तर आपण माघार घेतल्यासारखे होईल.

तोडगा कामाच्या गरजेतून निघाला. संघाच्या नावात लेआऊटचे नाव तेवढे ठेवले. निबंधक आणि महापालिका यांच्याकडे जाणारे कागद कन्नडमध्ये करायचे, कारण कार्यालयातील टिप्पणी कन्नडमध्ये लिहिली जाते आणि भाषांतरासाठी अर्ज अडकून पडणे रहिवाशांच्या हिताचे नाही. सभेची सूचना, इतिवृत्त आणि हिशेब मराठी व कन्नड दोन्ही भाषांत, एकाच कागदावर. सभेत ज्याला जी भाषा येते त्याने ती बोलावी. वकील मुलगी आणि चौथ्या गल्लीतील कन्नड भाषक अण्णा यांनी गरज पडेल तेथे दुसऱ्या भाषेत समजावून सांगावे. मराठीतील हिशेब वाचता येणे हा मराठी सभासदाचा हक्क आहे आणि कन्नडमधील हिशेब वाचता येणे हा कन्नड सभासदाचा. यात कोणाची माघार नाही आणि कोणावर उपकारही नाही. आपल्या भाषेवर प्रेम करणाऱ्याने आपल्या शेजाऱ्याच्या भाषेतला कागदही नीट लिहून घ्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन. पहिल्या वर्षाअखेरीस कन्नड भाषक घरांची सभासद नोंदणी मराठी घरांच्या बरोबरीने झाली होती.

मोकळ्या जागेचा कागद

आता मूळ प्रश्न. मोकळी जागा कोणाची, हे ठरवण्यासाठी मोर्चा किंवा निवेदन यांची गरज नव्हती. गरज होती ती मंजूर नकाशाची. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज दिला गेला. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाने हा हक्क नागरिकाला दिला आहे, म्हणून अर्ज संघाच्या नावाने न करता सेक्रेटरींनी स्वतःच्या नावाने केला. कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा असते, शुल्क १० रुपये. पहिला अर्ज पाच प्रश्न विचारणारा लांबलचक होता आणि तो नाकारला गेला. नंतर नकाशा, मंजुरीचा आदेश आणि जागा वर्ग केल्याचे दस्त अशा तीन विषयांचे तीन छोटे अर्ज केले, आणि त्यांना उत्तरे मिळाली.

नकाशात ती जागा उद्यानासाठी राखीव होती. अंतर्गत रस्ते आणि उद्यान महापालिकेकडे वर्ग करण्याची अट मंजुरीच्या आदेशात लिहिलेली होती, आणि त्या अटीनुसार दस्तही झालेला होता. महापालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत मात्र त्या जागेची नोंद चढली नव्हती. वारसांच्या नावाचा जुना उतारा तसाच राहिला होता. विक्रीची बातमी या फटीतून आली होती.

कर्नाटकात अशा जागांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आहे, १९८५ चा उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा जतन व नियमन अधिनियम. त्याहून महत्त्वाचा आहे तो बंगळुरूचा निवाडा. राजमहाल विलास एक्स्टेन्शनमधील उद्यानासाठी राखीव जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा तेथील रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. बँगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उद्यानाची जागा अशी वळवता येणार नाही असे ठरवले आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा रहिवाशांचा अधिकारही मान्य केला. रुग्णालयासारख्या उपयुक्त कामासाठीही जी जागा देता आली नाही, ती विक्रीसाठी, सभागृहासाठी किंवा मंदिरासाठी देता येणार नाही, हे सभेला पटवून देणे यामुळे सोपे झाले.

मंदिराचा विषय नाजूक होता. सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे आणि तो सर्व धर्मांच्या स्थळांना लागू आहे. समितीने तो आदेश मुलांपुढे धरून त्यांना गप्प केले नाही. बाईंनी गणेश मंडळाच्या पोरांना घरी बोलावले, नकाशा दाखवला, आणि विचारले, “बाळांनो, ही जागा आज आपण बांधून टाकली तर उद्या खालच्या गल्लीतल्या पोरांनी खेळायचं कुठं?” मंडळाने कायमच्या बांधकामाचा आग्रह सोडला, उत्सवाच्या दिवसांत महापालिका व पोलीस यांच्या परवानगीने तात्पुरता मंडप घालायचा आणि संघाने मंडळाच्या वर्गणीत, हिशेबात किंवा निर्णयांत कोणताही हस्तक्षेप करायचा नाही, असे दोन्हीकडून लिहून घेतले. जुने मंडळ आणि नवा संघ यांची खाती वेगळी ठेवण्याचा हा ठराव नसता, तर वसाहत दोन तटांत विभागली गेली असती.

दस्ताची प्रमाणित प्रत जोडून महापालिकेकडे नोंद दुरुस्तीचा अर्ज गेला. जबाबाला वेळ लागला, स्मरणपत्रे द्यावी लागली, नगरसेवकांची मदत घ्यावी लागली. नोंद चढली, खांब निघाले आणि जागेला जाळीचे कुंपण झाले. झाडे लावण्याचे काम पहिल्या पावसाळ्यात रहिवाशांनी केले. त्यांतील बरीच रोपे उन्हाळ्यात जळाली, कारण पाणी कोणी घालायचे हे ठरलेले नव्हते.

कचरा, प्रभाग आणि न झालेली कामे

कचऱ्याच्या बाबतीत यश अर्धेच आले. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करून देणे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्रत्येक घरावर सोपवले. कचरागाडीची वेळ निश्चित झाल्यावर ढीग कमी झाला; पूर्ण थांबला नाही, कारण सकाळी लवकर कामावर जाणाऱ्या भाडेकरूंना ती वेळ साधत नाही. शहराचा कचरा ज्या तुरमुरीला जातो, तेथील गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसलेला त्रास बेळगावकरांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच आपल्या दारातला ढीग हटला की विषय संपला, असे संघाने समजू नये.

बेळगाव महापालिकेत ५८ प्रभाग आहेत. संविधानाच्या २४३-एस अनुच्छेदाने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका क्षेत्राची लोकसंख्या पाच लाखांच्या जरा आत होती. कर्नाटकाच्या कायद्यात प्रभाग समितीचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे असते आणि रहिवासी संघांच्या प्रतिनिधींनाही तीत जागा ठेवली आहे. नाल्याचे खोलीकरण एका वसाहतीच्या अर्जाने होणारे काम नाही, कारण पाणी वरच्या वसाहतीतून येते आणि खालच्या शेतात जाते. ते प्रभागाच्या पातळीवर, शेतकऱ्यांना सोबत घेऊनच मांडावे लागेल. संघाने त्या दिशेने शेजारच्या दोन लेआऊटशी बोलणी सुरू केली आहेत. पुढे फार गेलेली नाहीत.

सुमारे एक तृतीयांश घरे अजून सभासद नाहीत. काहींना बोअरची वर्गणी आठवते, काहींना कोणत्याच मंडळात जायचे नसते, काही घरे कुलूपबंद आहेत. समिती त्यांच्या दारातील दिव्याची तक्रारही इतरांच्या बरोबरीने नोंदवते.

एक प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे आहे आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. लेआऊटला लागून, नाल्याच्या पलीकडे, एनए न करता गुंठ्यांनी विकलेल्या शेतजमिनीवर एक गल्ली वसली आहे. तेथील घरांना मंजूर नकाशा नाही. अशा मालमत्ता नियमित करण्याच्या अक्रम-सक्रम योजनेला २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०२५ मध्ये नागरी भागातील अशा मालमत्तांना बी-खाता, म्हणजे करासाठीची वेगळी नोंद, देण्याची मोहीम राज्याने हाती घेतली, परंतु बी-खात्यामुळे कर भरता येतो, बांधकाम नियमित होत नाही. या गल्लीतील लोकांनी संघात घेण्याची विनंती केली आहे. संघाच्या नियमावलीत सभासदत्व मंजूर लेआऊटमधील घरांपुरते आहे. काही सभासदांना भीती वाटते की त्यांना घेतल्यास आपल्या कागदांवरही प्रश्न उभे राहतील.

ही भीती निराधार आहे, कारण संघाचे सभासदत्व कोणाच्याही मालकीला बळ देत नाही आणि कोणाची मालकी कमीही करत नाही. त्या गल्लीचे आणि खालच्या दोन गल्ल्यांचे पाणी एकाच नाल्याला जाते, कचरागाडी तोच रस्ता वापरते, आणि त्यांची मुले त्याच मोकळ्या जागेत खेळतात. नियमावलीतील सभासदत्वाचे कलम बदलण्याचा विशेष ठराव वकील मुलीने तयार केला आहे, त्याला सुभेदार काकांचे अनुमोदन आहे, आणि त्याची सूचना दोन्ही भाषांत फलकावर लागली आहे. विरोधात सह्या केलेल्या सभासदांचे पत्रही समितीने त्याच फलकावर, ठरावाच्या शेजारी लावले आहे.